मनाला भावणारा वर्ण : आवड, संस्कार की पूर्वग्रह? (अनुभव धागा)

धागाकर्ती

कोणाचा चेहरा आपल्याला भावावा हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु अमुक वंशाची किंवा अमुक वर्णाची माणसे आपल्याला आकर्षक वाटत नाहीत, असे जेव्हा एकाच शहरातली, एकाच थरातली असंख्य माणसे जवळपास सारख्याच शब्दांत सांगतात, तेव्हा ती त्या प्रत्येकाची स्वतंत्र आवड आहे असे मानणे मला कठीण जाते.

अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींच्या विवाहास मनाई करणारे कायदे १९६७ सालापर्यंत १६ राज्यांमध्ये टिकून होते व ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले; दक्षिण आफ्रिकेत असाच कायदा १९४९ मध्ये झाला आणि १९८५ मध्ये रद्द झाला. दोन वंशांच्या माणसांना एकमेकांविषयी ओढ वाटतच नसती, तर ती रोखण्यासाठी तुरुंगाचा धाक घालण्याची वेळ आली नसती. कायदा गेल्यावरही वळण मात्र राहते. ‘ओकेक्युपिड’ या जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळाच्या एका संस्थापकाने २०१४ साली अमेरिकी सदस्यांची पाच वर्षांची आकडेवारी मांडली. तीत कृष्णवर्णीय स्त्रियांना आणि आशियाई पुरुषांना इतर गटांकडून मिळणारी पसंती सातत्याने कमी होती. त्याच काळात ‘मला स्ववंशीय जोडीदारच हवा’ असे प्रश्नावलीत सांगणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले होते, प्रत्यक्ष पसंतीत मात्र फारसा फरक पडला नव्हता.

आपल्याकडे हा विषय वंशापेक्षा वर्णाच्या आणि जातीच्या वाटेने येतो. म्हणून देशातल्या व परदेशातल्या, दोन्हीकडच्या वाचकांना विनंती आहे की स्वतः पाहिलेले, अनुभवलेले लिहावे, कोणाची नावे घेऊ नयेत आणि निष्कर्षाची घाई करू नये.

पंचगंगा

मी कोल्हापुरातल्या एका वधूवर सूचक मंडळात स्वयंसेवक म्हणून काम करते. आमच्या अर्जात उंची, शिक्षण, गोत्र, रक्तगट यांच्याबरोबर ‘वर्ण’ असा रकाना आहे. मुलीकडची मंडळी तो भरताना बहुधा एक पायरी वर चढतात : मुलगी सावळी असेल तर गव्हाळ लिहितात, गव्हाळ असेल तर निमगोरी. मुलाच्या अर्जात तो रकाना कित्येकदा कोराच असतो आणि कोरा आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. गोरेपणाची ओढ ही डोळ्यांची नैसर्गिक आवड असती, तर ती मुलींच्या डोळ्यांनाही तितकीच असायला हवी होती, आणि मुलींनीही सावळी स्थळे त्याच प्रमाणात नाकारली असती. तसे घडताना मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘मुलगी गोरीच हवी’ ही अट लिहून देणारे तेच कुटुंब, मुलगी शासकीय सेवेत आहे किंवा तिचा स्वतःचा दवाखाना आहे असे कळल्यावर, ‘रंग थोडा कमी असला तरी नाकीडोळी नीटस आहे’ असे म्हणू लागते. पगार पाहून जी अट सैल होते, ती मुलाच्या मनातून आलेली नसून बाजारभावासारखी ठरवलेली असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मुलामुलीला एकांतात बोलू दिल्यावर बाहेर आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर पसंती दिसते आणि संध्याकाळी घरून नकाराचा फोन येतो, असेही घडते. कारण विचारले तर ‘पत्रिका जमत नाही’ असे सांगितले जाते, आणि मध्यस्थाकडून पुढे कळते की मुलगी रंगाने मार खाऊन गेली.

२०२० साली एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने सदस्यांच्या मागणीवरून वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ने १९७५ पासूनच्या आपल्या नावातला पहिला शब्द बदलला. आमच्या मंडळातला रकाना आजही आहे. तो काढावा म्हणून मी दर बैठकीत बोलते आणि ‘मग लोक फोन करून विचारतील’ हे उत्तर ऐकते. विचारू देत. तोंडाने विचारताना माणसाला निदान संकोच वाटतो.

अटलांटावासी

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. माझे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकी आहेत. आमची ओळख एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करताना झाली. आकर्षण केव्हा निर्माण झाले हे मला नेमके सांगता येणार नाही, मात्र पहिल्या भेटीत मुळीच नव्हते. रात्रपाळीत एकत्र काम करताना, त्यांचे बोलणे आणि शांतपणा रोज पाहताना, तोच चेहरा मला हळूहळू देखणा दिसू लागला. डोळे सरावाने बदलतात, हे मी ऐकून नव्हे तर अनुभवाने सांगते.

माझ्या चुलतभावाने त्याआधी ओहायोतल्या एका गोऱ्या मुलीशी लग्न केले होते. तेव्हा घरोघरी केळवणे झाली, तिला हौसेने नऊवारी नेसवली गेली, ‘नाक किती तरतरीत आहे’ अशी कौतुके झाली. धर्म वेगळा, भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे, यांपैकी कशाचीही अडचण कोणाला वाटली नाही. माझ्या वेळी त्याच माणसांना धर्म, भाषा, खाणेपिणे हे सगळे आठवले आणि शेवटी आईने खरा प्रश्न विचारला : ‘मुलांचे केस कसे होतील?’ दोन्ही लग्ने परजातीत, परधर्मात आणि परदेशात झाली होती. फरक फक्त वर्णाचा होता.

हे मला इतके लागले याचे कारण असे की आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर महात्मा फुल्यांची तसबीर आहे. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, ही गोष्ट मी वडिलांकडूनच लहानपणी ऐकली होती. यजमानांना ती सांगितली तेव्हा त्यांनी ते पुस्तक इंग्रजीतून मिळवून वाचले, आणि नंतर ते वडिलांशी त्याबद्दल तासन्‌तास बोलले. आईवडिलांचे वागणे आता बदलले आहे. इथल्या मराठी मंडळींमध्ये मात्र ‘सून गोरी चालेल, काळी नको’ हे वाक्य मी आजही ऐकते, आणि बोलणारा त्याला आवडच म्हणतो.

सरळरेषा

या धाग्याच्या सुरावर मला आक्षेप नोंदवायचा आहे. मी कोणाचा द्वेष करत नाही. माझे सहकारी अनेक वंशांचे आहेत आणि त्यांच्याशी माझे उत्तम संबंध आहेत. परंतु आकर्षण ही इच्छेने आणता येणारी गोष्ट नाही. कोणावर प्रेम करावे हे जर न्यायबुद्धीने ठरवायचे असेल, तर जिच्याशी किंवा ज्याच्याशी केवळ तत्त्व म्हणून लग्न केले जाईल, त्या व्यक्तीवर तो अधिक मोठा अन्याय होईल. माणसाने समाजात समतेने वागावे, हे मला पूर्ण मान्य आहे. मनाच्या आतल्या खोलीत मात्र कोणी तपासणीला येऊ नये.

धागाकर्ती

आपल्या आक्षेपाचे स्वागत आहे. तत्त्वासाठी लग्न करावे असे येथे कोणीही सुचवलेले नाही आणि आपण म्हणता तो अन्याय खराच अन्याय आहे. मला कुतूहल आहे ते आवडीच्या उगमाविषयी. एखाद्या व्यक्तीला भेटल्यावर ओढ न वाटणे आणि एका संपूर्ण मानवसमूहाला न भेटताच वगळून ठेवणे, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत; दुसरीत आकर्षणाला बोलायची संधीच मिळालेली नसते.

बालवैद्य

उगमाचा प्रश्न निघाला आहे म्हणून लिहितो. तान्ह्या बाळांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की नवजात अर्भक वेगवेगळ्या वंशांचे चेहरे सारख्याच उत्सुकतेने पाहते, आणि तीन महिन्यांचे झाल्यावर मात्र आपल्याभोवती असणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहू लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्राएलमधली गोऱ्या कुटुंबांतली बाळे, इथिओपियातली बाळे आणि इथिओपियातून इस्राएलमध्ये आलेल्या कुटुंबांची बाळे यांची तुलना केली होती. पहिल्या दोन गटांतल्या बाळांनी आपापल्या वंशाच्या चेहऱ्यांना पसंती दिली. तिसऱ्या गटातल्या, म्हणजे दोन्ही प्रकारचे चेहरे रोज पाहणाऱ्या बाळांमध्ये तशी पसंती आढळली नाही.

बाळाचे पाहणे आणि मोठ्या माणसाचे आकर्षण यांत अंतर आहे, हे मी विसरलेलो नाही. शिवाय आपल्याकडचा गोरेपणाचा सोस या परिचयाच्या नियमाने उलगडत नाही. महाराष्ट्रातले बहुसंख्य मूल सावळ्या आईच्या कुशीत वाढते. परिचयानेच आवड ठरत असती, तर आपल्याला सावळे चेहरेच सर्वाधिक सुंदर वाटले असते. परिचयावर मात करून दूरचा रंग हवाहवासा करणारे काहीतरी मध्ये येते. माझ्या दवाखान्यात ते रोज येते : बाळ जन्मल्यावर नातेवाईक वजनाच्याही आधी रंग विचारतात, आणि गरोदर स्त्रिया ‘केशर घातलेले दूध घेतले तर बाळ गोरे होते ना’ असे विचारतात. होत नाही. त्वचेचा रंग अनेक जनुकांवर अवलंबून असतो आणि केशराचा त्याच्याशी संबंध नाही.

रेवदंड्याची नात

वरील अभ्यासात इस्राएलचा उल्लेख आला म्हणून मी लोद शहरातून लिहीत आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी आम्हाला शनवार तेली म्हणत. आजी रेवदंड्याची होती. तिच्या तोंडून मी ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ हे शब्द ऐकले. ज्यांच्या पूर्वजांपैकी कोणी यहुदी नसलेल्या स्त्रीशी संबंध जोडला असे मानले जाई, ते काळे इस्राएल, आणि त्यांच्याशी गोरे इस्राएल सोयरीक करत नसत. आजी सांगे की रंग पाहून दोघांना वेगळे ओळखणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही नाव रंगाचेच पडले.

पुढे हे कुटुंब या देशात आले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी येथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या वंशावळीची चौकशी करावी असा आदेश काढला. आमच्या लोकांनी त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ साली संसदेने आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्या आजीच्या घरात काळ्या इस्राएलांशी सोयरीक वर्ज्य होती, तिच्याच मुलांच्या विवाहाबद्दल दुसऱ्या कोणी तोच संशय घेतला. आमच्या पिढीत मोरोक्कन, रशियन, येमेनी अशा सगळ्यांशी लग्ने झाली आहेत. इथिओपियन कुटुंबांशी मात्र अजून फार थोडी, आणि विचारले तर उत्तर मिळते : ‘मनाला येत नाही.’

मुळाकाठ

मी पुण्यातल्या बौद्ध कुटुंबातली आहे आणि माझा वर्ण उजळ आहे. महाविद्यालयापासून आजपर्यंत ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस’ हे वाक्य मला कौतुक म्हणून ऐकवले गेले आहे. एका मुलाने मला मागणी घातली होती. आडनावावरून जात कळल्यावर त्याचे आकर्षण आठवड्याभरात ओसरले. चेहरा तोच होता, रंग तोच होता. त्यामुळे आकर्षण आतल्या खोलीत असते आणि तिथे समाजाचा वावर नसतो, हे सरळरेषा यांचे म्हणणे मला माझ्या आयुष्यात खरे ठरलेले दिसले नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ वंशभेदात नसून जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमात आहे, असे मांडले होते. देशव्यापी पाहणीत २०११-१२ मध्येही आंतरजातीय विवाहांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपासच निघाले. एवढ्या काटेकोरपणे प्रत्येकाची ‘आवड’ स्वतःच्याच जातीत कशी सापडते, याचे उत्तर मला कोणी मनाच्या स्वातंत्र्याच्या भाषेत द्यावे.

मांडवी

गोव्यातून एक छोटी नोंद. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकल्यावर आपल्या राजाला कळवले की येथे पकडलेल्या काही मुसलमान स्त्रिया गोऱ्या आणि देखण्या आहेत व त्याच्या काही माणसांना त्यांच्याशी लग्न करून येथे राहायचे आहे. गोरे आणि देखणे हे दोन शब्द तेव्हाच एका वाक्यात शेजारी बसले होते. आमच्याकडे काही घरांत पोर्तुगीज पूर्वजांच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज आपल्यात मिसळले असतील, अशी कथा मी कोणत्याही घरात ऐकलेली नाही.

टेम्सकाठ

मी समलिंगी आहे आणि लंडनमध्ये राहतो. येथील जोडीदार शोधण्याच्या ॲपवर ‘आशियाई नकोत, कृष्णवर्णीय नकोत, केवळ आवड म्हणून सांगतो, राग नसावा’ अशा अर्थाची वाक्ये मी पुष्कळ वाचली आहेत. २०२० साली ‘ग्राइंडर’ने वंशानुसार सदस्य निवडण्याची सोय काढून टाकण्याचे जाहीर केले. त्यानंतर तशी वाक्ये कमी झाली, उत्तर न देण्याचे प्रमाण मला तेवढेच जाणवते. याची दुसरी बाजूही आहे : ज्यांना केवळ ‘भारतीय’ हवा असतो, त्यांच्यासमोर बसल्यावर आपल्या जागी दुसरा कोणताही भारतीय चालला असता हे लगेच समजते, आणि तेही नकाराइतकेच टोचते.

श्रोता

मी जन्मांध आहे आणि हा धागा ध्वनिवाचकावर ऐकला. माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा नातेवाईकांनी ‘मुलगी गोरी बघू’ असे ठरवले होते. कोणासाठी, हे मी विचारल्यावर कोणी उत्तर दिले नाही. याहून महत्त्वाचे असे की मलाही गोरी मुलगी हवी होती. रंग म्हणजे काय हे मला ठाऊक नसताना, लहानपणापासून कानावर पडलेल्या बोलण्यातून ‘गोरी’ या शब्दाला चांगुलपणा, नाजूकपणा, घरंदाजपणा असे अर्थ येऊन चिकटले होते आणि ‘काळी’ हा शब्द मी नेहमी सहानुभूतीच्या किंवा तक्रारीच्या स्वरातच ऐकला होता. डोळ्यांचा काहीही सहभाग नसताना माझ्यात ती पसंती पूर्णपणे तयार झालेली होती.

पत्नीची निवड मी तिच्या आवाजावरून आणि समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देण्याच्या सवयीवरून केली. तिचा वर्ण माझी आई गव्हाळ सांगते, मावशी सावळा सांगते आणि सासूबाई निमगोरा सांगतात. तिला स्वतःला विचारले तेव्हा ती म्हणाली की अर्जात गव्हाळ लिहिले होते.