जुन्या अ‍ॅम्ब्युलन्सचा कॅम्पर: डोकं चालवलंय की फिरलंय?

भटक्या_कोथरूड:
मंडळी, एका ट्रस्टची फोर्स ट्रॅव्हलर अ‍ॅम्ब्युलन्स विकायला आहे. बीएस-३ (जुन्या प्रदूषण नियमांची), व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३३५० मिमी, उंच छप्पर, मीटरवर ९४ हजार. काल जाऊन बघून आलो. माझी उंची ५ फूट ९, आत ताठ उभा राहिलो. स्ट्रेचरचे रूळ अजून फरशीला बोल्टने आवळलेले आहेत, शेजारी ऑक्सिजन सिलिंडरचा कप्पा, आणि दार उघडल्या उघडल्या स्पिरिटचा वास. रूळ काढले की तिथे पलंग, सिलिंडरच्या जागी पाण्याची टाकी, औषधांच्या कपाटात डाळ-तांदूळ. पुढच्या जूनअखेरीस कुंझुम खिंड ओलांडून हिमाचलातलं स्पिती खोरं!

माझं म्हणणं असं की ज्याला कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची गाडी, करायचाय त्याने रिकामी व्हॅन शोधण्याआधी अ‍ॅम्ब्युलन्स बघावी. अर्धं काम झालेलं असतं. गाडीचा सांगाडा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून आलेला, १९८७ पासून रस्त्यावर आहे. इंजिन मर्सिडीजच्याच जुन्या ओएम-६१६ डिझेलच्या घराण्यातलं, तालुक्याच्या गावातला मेस्त्रीसुद्धा डोळे मिटून खोलतो. ज्यांना पटत नाही त्यांनी तुटून पडा.

चिखलप्रेमी:
पडतोच. कॅम्पर म्हणा, पण ऑफरोड म्हणू नका हो. कुंझुमकडे जाणाऱ्या ग्राम्फू ते बातल या पट्ट्यात आम्ही एक ट्रॅव्हलर नाल्यातून ढकलून काढली आहे. पाणी गुडघ्यालाही नव्हतं. मागची पायरी दगडावर टेकली आणि गाडी तिथेच बसली. एक चाक अधांतरी गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म, कारण साधा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकालाच देतो. मागच्या चाकांपलीकडे शेपटीसारखा लोंबणारा एवढा भाग आहे, त्याला गाडी उंच करणारं लिफ्ट किट काय करणार? वर तुम्ही छपरावर सोलर आणि एसी चढवणार, म्हणजे उतारावर आणखी डोलणार. त्याच घराण्यातलं इंजिन आणि दोन्ही डिफरन्शियलना लॉक हवे असतील तर फोर्सचीच गुरखा जीप घ्या आणि तंबूत झोपा.

डेन्व्हरवासी:
मी बाजूने बोलणार, कारण केलंय. इथे कोलोरॅडोत फोर्ड ई-४५० ची अ‍ॅम्ब्युलन्स घेतली. मागची पेटी वेल्डेड अ‍ॅल्युमिनियमची, इतकी भक्कम की चासी (खालचा सांगाडा) म्हातारी झाली की पेटी उचलून नव्या चासीवर ठेवतात. दणकट अल्टरनेटर, जादा बॅटऱ्या, बाहेरून वीज जोडायचा प्लग आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे कप्पे हे सगळं आयतं मिळालं. ज्यांना खरंच चिखलात जायचंय ते पिकअप चासीवरची, चारही चाकांना ताकद देणारी शोधतात. इंजिनात ७.३ लिटर डिझेल मिळालं तर डोळे झाकून घ्या, ६.० असेल तर डोळे उघडे ठेवून पळा.

एक सांगतो, मीटरवर जाऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्स दवाखान्याच्या दारात तासन्‌तास एसी लावून, इंजिन चालू ठेवून उभी असते. ९४ हजार किलोमीटर खरे असतील, पण इंजिन त्याहून बरंच जास्त चाललंय असं धरून हिशोब करा.

उंबरठे_झिजवले:
डेन्व्हरवाल्यांचं ठीक आहे, इथे पेटीपेक्षा कागद जड असतात. मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि त्याची तपासणी करणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था तुमच्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. एकट्या गाडीसाठी तो खटाटोप करून बघा, गाडीची किंमत विसरून जाल.

दुसरं, अ‍ॅम्ब्युलन्स ट्रान्सपोर्ट वर्गात येते. ८ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी). आणि ट्रस्टची आहे म्हणून निदान बोलणं तरी होतंय. सरकारी असती आणि १५ वर्षं झाली असती, तर १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीचं नूतनीकरणच बंद आहे, थेट भंगारात.

भटक्या_कोथरूड:
काहीच ठोकून बसवणार नाही. पलंग सुटा, ओटा सुटा, सगळं सामान म्हणून. मग बदल कुठे झाला?

उंबरठे_झिजवले:
रूळ काढलेत तिथेच झाला. आरसीवर अ‍ॅम्ब्युलन्स आणि आत कढई-तवा. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर आधी कढईचाच फोटो काढेल.

वॉर्ड_नंबर_सात:
मी बावीस वर्षं नर्स आहे, मला तुमचा डिफरन्शियल कळत नाही. दोन गोष्टी. फरशीचं व्हिनाइल कोपऱ्यातून उचलून बघा. वरून रोज पुसलं जातं, पण सांध्यातून जे खाली जातं ते प्लायवूडमध्ये मुरतं. प्लाय फुगलेला दिसला तर सगळा उचकटून टाका, वरून फिनेल मारून झोपू नका. (किती जण त्यात गेले असतील म्हणून घाबरणाऱ्यांना सांगते, दवाखान्यातल्या खाटांबद्दल कधी विचारलंय का?)

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. सायरन, दिवे, उलटी अक्षरं काढाल, पण आकार तोच राहणार. रात्री हायवेवर अपघात झालेला असतो, लांबून पांढरी उंच गाडी दिसली की माणसं रस्त्यात आडवी येतात. तुमच्याकडे स्ट्रेचर नाही, ऑक्सिजन नाही, आत गादी आणि गॅसची शेगडी. त्यांना काय सांगणार?

चिखलप्रेमी:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं.

डेन्व्हरवासी:
माझ्याकडे एकदा असं झालं. पेट्रोल पंपावर एक बाई धावत आल्या, नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. ९११ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत त्यांच्याजवळ थांबलो. त्याच आठवड्यात सगळी पेटी गडद हिरवी रंगवली.

भटक्या_कोथरूड:
बरं, रंग बदलतो. रंग आरसीवर चढवून घेता येतो ना? प्लायही बघतो. पण स्पिती सोडणार नाही. स्पितीतल्या काझापर्यंत तर किन्नौरच्या बाजूने बसही जाते. नाल्याला उतरून पाणी बघेन, नाही जमलं तर मागे फिरेन.

उंबरठे_झिजवले:
रंगाचा अर्ज होतो. आधी आरसीचा फोटो टाका, नोंदणीची तारीख आणि वर्ग बघू. मग पुढचं बोलू.

भटक्या_कोथरूड:
मागितला. आरसी सापडत नाहीये म्हणतात. डुप्लिकेट काढून देतो म्हणाले.

उंबरठे_झिजवले:
कोण म्हणाले? ट्रस्ट की एजंट?

भटक्या_कोथरूड:
एजंट.