मांस कमी खाणे ही पुरेशी नैतिक भूमिका आहे का?

सातरस्ता (धागा सुरू करताना):

आमच्या पाच जणांच्या घरात तीन वर्षांपूर्वीपर्यंत आठवड्यातून तीनदा मटण, चिकन किंवा मासे शिजत. आता महिन्यातून एका रविवारी मांसाहार होतो आणि एरवी भाकरी, शेंगाची चटणी, हुलग्याचे माडगे, डाळी यांवर घर चालते. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वायूंना पशुपालन कारणीभूत आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडले होते, आणि ते वाचल्यावर मी विचार करू लागले. पण खरे कारण याहून जवळचे आहे. जेवणासाठी जीव घेणे मला पूर्वीसारखे सहज वाटेनासे झाले.

शेजारच्या लिंगायत काकूंनी परवा विचारले, "वाईट वाटते, तर पूर्णच का सोडत नाहीस?" मी त्यांना जे सांगितले ते येथे मांडते. मी एकटीने मांस सोडले असते आणि बाकीचे चौघे पूर्वीसारखेच खात राहिले असते, तर घरातले मांस फार तर पाचव्या हिश्शाने घटले असते; सर्वांनी मिळून महिन्यातून बारा वेळांवरून एका वेळेवर आल्यामुळे ते नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. 'कायमचे सोडा' असे म्हटले असते तर सासूबाईंना तो जुलूम वाटला असता, पण 'कमी करू' याला त्या त्याच दिवशी हो म्हणाल्या. म्हणून पाळता येईल असा संयम मला न पेलणाऱ्या व्रतापेक्षा अधिक नैतिक वाटतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

विजापूर वेस:

आपला हिशेब चुकलेला नाही, परंतु तो आपल्या घराचा हिशेब आहे, ज्याचा जीव जातो त्याचा नव्हे. बसवण्णांच्या एका वचनात बळीसाठी आणलेले कोकरू तोरणासाठी आणलेला पाला खाऊ लागते. आपल्याला कशासाठी आणले आहे हे त्याला ठाऊक नसते, ते फक्त पोट भरू पाहते. ते वचन मी लहानपणी आजीकडून ऐकले आणि त्यानंतर 'महिन्यातून एकदाच' हे शब्द मला कधीच दिलासा देऊ शकले नाहीत, कारण त्या एका रविवारचे बोकड पूर्णच मरते. एखादे कृत्य चुकीचे आहे असे आपण मानत असाल, तर ते क्वचित केल्याने चुकांची संख्या घटते, चूक बरोबर होत नाही. आणि ते चुकीचे नाही असे मानत असाल, तर मग कमी तरी कशासाठी करायचे?

कोरडवाहू:

मी सांगोला तालुक्यातला. आमच्याकडे बारा उस्मानाबादी शेळ्या आहेत. ज्या माळावर पाऊस चुकला की ज्वारीही हाती लागत नाही, तिथे शेळी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचे गवत खाऊन जगते आणि बहुधा जुळी करडे देते. पाटी म्हणजे मादी करडे ठेवायची आणि बोकड विकायचे, यावरच आमच्या घरातली दोन शिक्षणे झाली. शेळी खाते ते माणसाच्या पोटाला न चालणारे अन्न आहे. त्या जमिनीवर डाळ पिकवा असे सांगणाऱ्याने एकदा मे महिन्यात येऊन ती जमीन पाहावी.

विजापूर वेस यांना माझा एकच प्रश्न आहे. आपण चहा दुधाचा घेता का? पंढरपुरी म्हैस व्याली आणि वगार झाली तर घरात आनंद होतो. रेडा झाला तर त्याला आईचे दूध पुरते मिळत नाही, आणि जगलाच तर तो शेवटी कुठे जातो हे दूध घालणारा प्रत्येक जण जाणतो. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, रेड्याला ती नाही. तेव्हा दुधाच्या पेल्यालाही रक्त लागलेले असते, फक्त ते ताटात दिसत नाही.

विजापूर वेस:

प्रश्न रास्त आहे आणि मी चहा दुधाचाच घेतो. यावर माझ्याकडे बचाव नाही. मात्र यातून मांस खाण्याला परवाना मिळतो हे मला मान्य नाही. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले होते. १९१८ च्या गंभीर आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचे शब्द पाळले पण त्याचा आत्मा गमावला, असे स्वतःच लिहून ठेवले. त्यांनी उणीव मान्य केली, परंतु त्या उणिवेलाच तत्त्व म्हटले नाही. सातरस्ता ताईंच्या भूमिकेत मला नेमके हेच खटकते. 'सध्या मला एवढेच जमते' असे त्या म्हणाल्या असत्या, तर मी त्यांच्याशी वाद घातलाच नसता.

लष्कर भाग:

कमी खाण्याचे मोजमाप किलोत करायचे की जिवांत, हे कोणीच विचारलेले नाही. एका मध्यम बोकडापासून साधारण बारा किलो मटण मिळते. सहा आठवड्यांत वाढवलेल्या दोन किलोंच्या ब्रॉयलर कोंबडीपासून सव्वा ते दीड किलो. पर्यावरणासाठी मटण सोडून चिकन खा असे सर्रास सुचवले जाते, पण तेवढ्याच मांसासाठी एका जिवाऐवजी आठ-नऊ जीव जातात, आणि तेही मका-सोयाबीन चारून, आयुष्यभर शेडमध्ये दाटीने ठेवलेले.

सातरस्ता:

लष्कर भाग यांनी मांडलेली बाजू मी पाहिलीच नव्हती. आमच्या महिन्याच्या त्या एका रविवारी मटण महाग पडले की मी निश्चिंतपणे चिकन आणत होते. ते या महिन्यापासून बंद करत आहे. विजापूर वेस यांचे म्हणणेही मी नाकारू शकत नाही. मी 'पुरेशी' हा शब्द वापरला तो चुकला, कारण त्या बोकडाच्या दृष्टीने ते पुरेसे नाहीच. तरीही कोरडवाहू यांच्या माळावरचे बोकड आणि शेडमधली कोंबडी या दोहोंना मला एकाच मापाने मोजता येत नाही. कोरडवाहू दादा, आपण घरी वाढवलेले बोकड विकताना घरातल्यांना काय वाटते, हे लिहाल का?

कोरडवाहू:

ताई, बाजाराच्या दिवशी आमची आई पहाटेच शेतात निघून जाते. बोकड गाडीत चढवेपर्यंत ती परत येत नाही.