मदत हवी आहे: उद्या सकाळी शूटिंगला परत बोलावलंय आणि मी मिशी काढून बसलोय

घाटावरचा | बुधवार, रात्री ९:०५
सातला रिपोर्टिंग आहे म्हणून थोडक्यात लिहितो. गेल्या शनिवारी एका मालिकेच्या शूटिंगला गर्दीत उभा राहिलो होतो, लग्नाचा सीन. आज दुपारी गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. उरलेला सीन उद्या आहे, कंटिन्युइटी आहे (म्हणजे शनिवारसारखंच दिसायला हवं), यावंच लागेल म्हणाला. मी मिशी रविवारीच काढली. खोटी मिशी वाई-साताऱ्यात आत्ता कुठे मिळेल? लवकर सांगा. गूगल करून झालंय.

भावड्या | ९:११
कशाला टेन्शन घेतो भावा. गर्दीत तुझी मिशी कोण मोजतंय? गप जायचं, उभं राहायचं, जेवायचं आणि यायचं. मी कोल्हापूरच्या चित्रनगरीत तीनदा जाऊन आलोय. एकदा तर दुसऱ्या दिवशी चप्पलच वेगळी घालून गेलो, कुणाला कळलं नाही. मेणवलीला आहे का शूटिंग?

अनुजा_ठाणे | ९:१४
एक मिनिट. गर्दीत म्हणजे नक्की कुठे होतात? मागे खुर्चीवर की वधूवरांच्या जवळ? शनिवारचे पैसे मिळाले का? आणि त्या दिवशीचे कपडे तरी आहेत ना, की तेही धुऊन इस्त्री झाले?

मीनल१२ | ९:२०
माझ्या मुलीला (वय ६) अभिनयाची खूप आवड आहे. आरशासमोर तासन्‌तास डायलॉग म्हणते. कोणाला चांगला कोऑर्डिनेटर माहीत आहे का? नोंदणीचे पाच हजार मागतायत, योग्य आहे का?

रंगपट | ९:२६
बावीस वर्षं नाटकाचा मेकअप करतोय म्हणून सांगतो. आत्ता दुकान शोधू नका. नाटकाचे कपडे भाड्याने देणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला फोन करा, त्याच्याकडे मिशा असतातच. घेताना जाळीवर विणलेली मागा. क्रेपची, म्हणजे सुटे केस चिकटवून केलेली मिशी नाटकात चालून जाते, पहिली रांगसुद्धा लांब असते. कॅमेरा जवळ आला की क्रेपच्या कडा उघड्या पडतात. स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा डिंक) लावल्यावर लगेच चिकटवू नका, थोडा चिकट होऊ द्या.

घाटावरचा | ९:३१
भावड्या, जागा सांगत नाही. अनुजाताई, गर्दीतच होतो हो, तीस-चाळीस जण होतो. पैसे अजून नाहीत. कुर्ता धुतलेला नाही, खुंटीवरच आहे. रंगपट, स्पिरिट गम मेडिकलमध्ये मिळतो का?

अनुजा_ठाणे | ९:३३
गर्दीत पण कुठे?

घाटावरचा | ९:४०
स्टेजवर. म्हणजे नवरीचा मामा म्हणून अंतरपाट मी धरला होता. एकच टोक.

भावड्या | ९:४१
खल्लास.

अनुजा_ठाणे | ९:५२
हे आधी सांगायचं होतं! सहा वर्षं घोडबंदर रोडवरच्या सेटवर उभी राहतेय. शनिवारी त्यांनी मास्टर घेतला असणार, म्हणजे लांबून सगळा मांडव. उद्या नवरा-नवरीचे क्लोजअप. नवरी मान वर करेल तेव्हा तिच्या बाजूला तुमचा खांदा आणि अर्धा चेहरा येणार. एका मंगलाष्टकात मामाची मिशी येते-जाते असं दिसलं तर पहिला ओरडा एडीला (असिस्टंट डायरेक्टरला) आणि त्याच्याकडून तुम्हाला.
मी एकदा दोन टेकच्या मध्ये हातातल्या ताटातला लाडू खाल्ला होता. मास्टरमध्ये पाच होते. स्पॉटदादाला लाडवासाठी गावात पिटाळला आणि तोवर अख्खं युनिट माझ्याकडे बघत बसलं.
मिशी शोधू नका. आत्ताच्या आत्ता चेहऱ्याचा फोटो काढून कोऑर्डिनेटरला पाठवा आणि एडीला दाखवायला सांगा. रात्री कळलं तर त्यांना काहीतरी करता येतं. सकाळी सातला कळलं तर फक्त ओरडता येतं.

भावड्या | ९:५५
ताई, असं सांगितलं तर ते दुसरा माणूस बघतील आणि ह्याचे शनिवारचे पैसे पण बुडतील. गेल्यावर बघू म्हणायचं. तोंडावर हाकलत नाहीत कुणाला.

अनुजा_ठाणे | ९:५७
तुमची चप्पल फ्रेममध्ये नव्हती म्हणून तुम्ही वाचलात.

तात्या_दादर | १०:०२
थोडं अवांतर. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण फाळक्यांना पडद्यावर यायला स्त्री मिळेना. त्या वेळचा एक किस्सा सांगतात. स्त्रीपार्टी नट मिशा काढायला तयार नव्हते, बाप गेल्यावरच मिशी काढायची असा रिवाज. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवातच मिशीच्या भांडणाने झाली! बाकी, घाटावरचा, घरी सगळं क्षेम आहे ना? वडील?

घाटावरचा | १०:०६
तात्या, वडील ठणठणीत आहेत, शेजारच्या खोलीत बातम्या बघतायत. माझी मिशी पिकलेली. नवरीचा मामा इतका म्हातारा नको म्हणून मेकअपवाल्याने सेटवर काळी केली. रात्री खाज सुटली, सकाळी वरच्या ओठावर पुरळ. म्हणून काढली. अजून लाल आहे.

रंगपट | १०:०९
अहो!! मग स्पिरिट गमला हातसुद्धा लावू नका. माझा वरचा प्रतिसाद रद्द समजा. काळ्या डायची ॲलर्जी दिसतेय. त्यावर गम लावला आणि दिवसभर लाइटखाली उभे राहिलात तर संध्याकाळी ओठ सुजून बसेल. उद्या कोणी पेन्सिलने मिशी काढू का म्हणालं तरी नाही म्हणा. डॉक्टरला दाखवलंत का?

नियमावली | १०:१५
मूळ मुद्दा सगळेच विसरतायत. अंतरपाट धरणं ही गर्दी नव्हे, त्याचे वेगळे पैसे मागायला हवेत. मुंबईत पुरुषांसाठी ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन आहे, स्त्रियांसाठी महिला कलाकार संघ, दोन्ही सिनेकामगारांच्या फेडरेशनच्या छत्राखाली. संघटनेचं कार्ड असतं तर तक्रार करता आली असती. शिफ्ट किती तासांची होती? व्हाउचरवर सही केलीत का?

घाटावरचा | १०:१९
साहेब, मी पतसंस्थेत नोकरीला आहे. मित्र म्हणाला चल म्हणून गेलो. कार्ड नकोय, मिशी हवीय. सही एका वहीत केली, रकमेचा रकाना कोरा होता.

नियमावली | १०:२१
कोऱ्या रकान्यापुढे सही! पतसंस्थेत असून!

अनुजा_ठाणे | १०:२४
ते नंतर. फोटो पाठवलात का? पुरळ दिसू दे फोटोत, लपवू नका. त्यांच्याच मेकअपने झालंय. आणि कुर्ता आहे तसाच घेऊन जा. घड्याळ, अंगठी शनिवारी होती तर उद्याही हवी, तेव्हा नव्हती तर उद्याही नको.

घाटावरचा | १०:४८
पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

घाटावरचा | ११:२०
फक्त अंगठा आला. म्हणजे काय समजायचं?

भावड्या | ११:२२
म्हणजे ये. सांगत होतो.

घाटावरचा | शुक्रवार, सकाळी ८:३०
काल जाऊन आलो. एडीने मला बघितलं, मग कुर्ता बघितला आणि म्हणाला, 'कुर्ता काढा.' लाइटवाल्यांतला एक मिशीवाला, माझ्याच अंगकाठीचा, त्याला माझा कुर्ता घातला. अंतरपाट त्याने धरला. मी बनियनवर, वरून टॉवेल घेऊन, वाड्यामागे चहा पीत बसलो. जेवणानंतर कुर्ता परत मिळाला आणि मला लग्नाचा फोटोग्राफर केलं, तोंडासमोर कॅमेरा धरून. त्यात मेमरी कार्डसुद्धा नव्हतं.
मेकअपवाल्याने ओठ बघितला, काही बोलला नाही. थोड्या वेळाने स्वतःच्या बॅगेतली कॅलामाइनची बाटली आणून दिली.
पैशांचं विचारलं तर नव्वद दिवस म्हणाले. गुरुवारचे माझे की कुर्त्यातल्या माणसाचे, ते ठरायचंय. या वेळी रकमेचा रकाना भरल्यावरच सही केली.

मीनल१२ | ९:०२
माझ्या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही.

नियमावली | ९:१५
मीनलताई, नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. लहान मुलांसाठी २०१७ चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलीच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे विचारून बघा, तो फोन ठेवेल.

भावड्या | ९:१८
कुर्ता कुठल्या रंगाचा? एपिसोड लागला की बघतो.

घाटावरचा | ९:२१
मोरपंखी. नवरीच्या डावीकडे. हात दुसऱ्याचा आहे.