लावणीला शब्द असतात आणि बेली डान्सला फक्त पोट?

नाईलकाठी
परवा सडेतोड यांनी त्यांच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाबद्दल लिहिलं. दोन मुलींनी बेली डान्स केला, त्यावर त्यांचं म्हणणं असं : "लावणीला निदान शब्द असतात, अदा असते. बेली डान्सला फक्त पोट असतं. त्याला कला म्हणू नका." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं कैरोत होते. त्यातली चार वर्षं एका साठीच्या बाईंकडे हे नृत्य शिकले. त्यांच्या तोंडी 'बेली' हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्या म्हणायच्या रक्स शर्की, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. घरात, लग्नात बायका नाचतात ते रक्स बलदी, आपल्या मातीतलं. पोटाचं नाव दिलं फ्रेंचांनी. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सोल ब्लूम नावाच्या माणसाने तेच नाव वापरून लोकांची गर्दी खेचली. तिकीटबारीवरचं ते नाव आपण अजून वापरतो आणि त्यावरूनच नृत्याची लायकी ठरवतो.

शब्दांचं म्हणाल, तर बाईंनी मला पहिला महिना उभंच केलं नाही. इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सूम हिचं 'इन्ता उम्री' हे गाणं लावायच्या (१९६४, चाल मोहम्मद अब्देल वहाबची) आणि डोळे मिटून ऐकायला सांगायच्या. गायिका तोंड उघडण्याआधी वाद्यांचाच मोठा भाग आहे. मध्येच विचारायच्या, "आता कानून वाजतोय, तर काय हलेल?" कानून म्हणजे त्यांचं तारांचं वाद्य, त्याच्या तारा थरथरल्या की कमरेत बारीक कंप. नै आली, म्हणजे त्यांची बोरूची बासरी, की हात आणि धड, अगदी संथ. तबल्याच्या (त्यांचा तबला म्हणजे एकतोंडी दरबुका, आपला नव्हे) 'दुम'वर, म्हणजे घुमणाऱ्या ठोक्यावर, कंबर खाली. तकसीम म्हणजे एकट्या वाद्याचा आलाप, तेव्हा नाचणारी जागची हलत नाही. तालाचा आधार नसताना ती नुसत्या स्वराला अंग देते. हे करून बघा आणि मग सांगा फक्त पोट आहे म्हणून.

बदिया मसाबनीने १९२६ मध्ये कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढलं. ताहिया कारिओका आणि सामिया गमाल तिथूनच पुढे आल्या. सामिया रंगमंचभर फिरायची, ताहिया जवळजवळ एका जागी उभी राहून नाचायची. गाण्यात असं दिसलं की आपण लगेच घराण्यांची चर्चा सुरू करतो.

सडेतोड
माझंच वाक्य घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं भाग आहे. मी दुबईत अकरा वर्षं काढली. ऑफिसात चार इजिप्शियन सहकारी होते, चौघेही सुशिक्षित. त्यांच्यापैकी एकाला विचारलं होतं, मुलगी हे शिकली तर चालेल का? त्याने बोलणंच बंद केलं माझ्याशी, आठवडाभर. इजिप्तमध्ये नाचायला परवाना लागतो, अंगावर काय असावं हे सरकार ठरवतं. २०२० मध्ये कैरोच्या कोर्टाने एका नावाजलेल्या नर्तकीला व्हिडिओ टाकल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. जिथली कला आहे तिथे ही अवस्था, मग तो मान आम्ही पुण्यात बसून का द्यायचा?

आणि मूळ मुद्दा सोसायटीचा होता. वर्गणी सगळ्यांनी द्यायची आणि कार्यक्रम ठरवायचा समितीतल्या तिघांनी. रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर. माझी आई ब्याऐंशीची आहे. तक्रार केली तर म्हणे, तुम्हाला संस्कृतीचं वावडं आहे.

खारीबिस्कीट
मला इतिहास माहीत नाही, माझं सांगते. सिझेरियननंतर कंबर गेली होती, वजन वाढलं होतं, आरशात बघवत नव्हतं. मैत्रिणीच्या नादाने बेली डान्सच्या क्लासला गेले. सुटलेलं पोट लपवायचं नसतं, त्याच्यावरच नाचायचं असतं, हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. तीन महिन्यांत कंबर सुधारली. बावीस इंच कंबरेच्या मुलींपेक्षा आम्ही पोटवाल्या जास्त छान दिसतो असं बाई म्हणायच्या. माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

नाईलकाठी
@खारीबिस्कीट, तुमचा आनंद खरा आहे. पण आपल्याकडच्या या क्लासेसबद्दल मला राग आहे आणि तो सांगतेच. "तीन महिन्यांत पाच किलो", नाण्यांचा पट्टा, हिंदी गाणं. एका क्लासमध्ये मी पाहिलं, सईदी काठी हातात दिली होती आणि ताल भलताच लावला होता. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये पुरुष त्या काठीने खेळतात, त्या खेळावरून तो नाच आलाय. शिकवणारीला हे ठाऊकच नव्हतं. कथ्थक कुणी "मांड्या बारीक करा" म्हणून शिकवलं तर चालेल का आपल्याला?

खारीबिस्कीट
म्हणजे कैरोला गेल्याशिवाय आम्ही नाचायचंच नाही का? तिथे कोण घेऊन जाणार होतं आम्हाला? माझा नवरा हडपसरला नोकरी करतो.

ढोलकीचा नातू
सडेतोड, तुमचं "लावणीला निदान शब्द असतात" हे वाचून दोन दिवस झोप नाही. माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. आज लावणीची बाजू घेताय, पण ज्या काळात ती फडात होती तेव्हा तुमच्या-आमच्या आळीतून काय बोललं जायचं ते मी घरात ऐकलंय. आजोबा सांगायचे, एका गावात खेळ बघायला सगळा गाव होता, पण बायकांना रात्री टेकायला कुणी ओसरी दिली नाही. ट्रकमध्ये झोपल्या. पावसात. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं, आणि म्हातारपण कसं गेलं? शब्द तेव्हाही होतेच की लावणीला!

सडेतोड
लावणीला मी कुठे नावं ठेवली? उलट मान दिला. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, आनंदच झाला. काळ बदलला, समाज सुधारला, हे तरी मान्य कराल?

ढोलकीचा नातू
समाजाने लावणी घेतली, बायका तिथेच ठेवल्या. टीव्हीवर नऊवारी नेसून क्लास लावलेल्या मुली नाचतात, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. छान नाचतात, माझं काही म्हणणं नाही. पण माझी आत्या संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या थिएटरात नाचणाऱ्यांत होती. तिच्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी वडिलांचं नाव विचारून विचारून हैराण केलं होतं. ती मुलगी आज नर्स आहे आणि आईचा व्यवसाय कुणाला सांगत नाही. कुठला समाज सुधारला?

सडेतोड
आत्याबाईंचं वाईट वाटलं, मनापासून. पण सगळ्याच नाचाला कला म्हणायला लागलो तर डान्सबारलाही म्हणावं लागेल.

ढोलकीचा नातू
बरं झालं तुम्हीच विषय काढलात. २००५ मध्ये सरकारने डान्सबार बंद केले, पण थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. नाच तोच. खालच्या बारमध्ये अश्लील आणि वरच्या हॉटेलात मनोरंजन! २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा भेदच उचलून धरला नाही. दरम्यान ज्यांची रोजीरोटी गेली त्यांत किती जणी फडांतल्या, पिढीजात नाचणाऱ्या घरांतल्या होत्या, कधी विचार केलात? तुम्हाला बाई चालते ती लांबून, स्वच्छ उजेडात.

सडेतोड
वैयक्तिक होऊ नका. माझ्याबद्दल तुम्हाला काहीही माहीत नाही.

खारीबिस्कीट
धागा रक्स शर्कीचा होता ना?

नाईलकाठी
होता, आणि नातू विषयावरच आहेत. इजिप्तमध्ये अगदी हेच झालं. १८३४ मध्ये तिथला तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने नाचणाऱ्या घवाझींना कैरोतून हाकलून वरच्या इजिप्तमध्ये धाडलं. 'अवालिम' हा शब्द मूळचा विदुषींचा, ज्यांना काव्य आणि गाणं येतं अशा बायकांचा, तोही नंतर पार घसरला. मग १९५९ मध्ये महमूद रेदाने नृत्यपथक काढलं. त्यातली प्रमुख नर्तकी फरीदा फहमी इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाची मुलगी, अंगभर कपडे, लोकनृत्य हे नाव. तेव्हा मध्यमवर्ग टाळ्या वाजवायला आला. पथक खरंच सुंदर होतं. पण लग्नांत नाचून घर चालवणाऱ्या बायकांना त्या टाळ्यांतलं काही मिळालं नाही.

सडेतोड, तुमच्या सहकाऱ्याने बोलणं बंद केलं हे मला खोटं वाटत नाही. त्याच्या लग्नात मात्र नाचणारी आली असेल, कैरोत मी पाहिलेल्या बहुतेक लग्नांत यायची. माझ्या बाईंच्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे 'शिवणकाम' लिहिलेलं होतं. त्या पोशाख शिवायच्या, त्यामुळे अगदी खोटंही नव्हतं. पस्तीस वर्षं नाचल्या, तीन बहिणींची लग्नं केली त्या पैशांवर. भिंतीवर स्वतःचा एकही फोटो नव्हता. मला दाखवायचे होते तेव्हा कपाटातून, चादरींच्या खालून काढले. मी कला म्हणते ती त्या चादरींखालच्या फोटोंसकट. त्यांना वगळून द्यायचा असेल तर तुमचा मान मला नको.

आणि खारीबिस्कीट, कैरोचं मी जरा तोऱ्यात बोलले. माफ करा. बाई असत्या तर त्यांनी तुम्हालाच जवळ बसवलं असतं, पोट असलेल्या बायका त्यांना फार आवडायच्या.

सडेतोड
फोटोंचं वाचून थांबलो जरा. कला आहे, मान्य. "फक्त पोट" हे शब्द मागे घेतो. पण सोसायटीच्या कार्यक्रमात रात्री साडेअकराला नको, यावर ठाम आहे, आणि तिथे लावणी असती तरी हेच म्हटलं असतं. लावणीवर वेगळा धागा काढा नातू, तिथे बोलू. डान्सबारचं मला पटलेलं नाही.

ढोलकीचा नातू
काढतो. नाईलकाठीताई, तुमच्या त्या तबल्याचा एखादा साधा ताल इथे लिहाल का? घरात आजोबांची ढोलकी आहे.

नाईलकाठी
मकसूम घ्या, सगळ्यात जास्त वाजतो. दुम तक, तक दुम, तक. दुसऱ्या 'तक'च्या आधी आणि शेवटच्या 'तक'च्या आधी किंचित श्वास सोडा. दुम मधोमध, तक काठावर.

ढोलकीचा नातू
वाजवला. शाई सैल झालीय, दुम नीट येत नाही. पण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली बघायला.