ठिबक आलं, शेततळं आलं, मग मार्चमध्ये टँकर का येतो?

माणदेशी_माणूस
मंडळी, काल घरात वाद झाला तो इथे टाकतोय. धाकटा म्हणतो दुष्काळावर उपाय फक्त नवीन तंत्रज्ञान, लोकांना शिकवत बसून काही होत नाही. मला ते अजिबात पटत नाही. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी ठिबक नव्हतं, शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद कोणी बघितला नव्हता, बोअर बोटावर मोजण्याइतके. आता सगळं आहे आणि तरी टँकर येतो. शेजारचं शेततळंच घ्या. पावसाचं पाणी साठवायला म्हणून काढलं, पण भरतं डिसेंबरात, बोअरच्या मोटरीवर. जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि खाली कागद असल्यामुळे मुरायचं पण नाही. मे महिन्यात जाऊन बघा, काळ्या कागदावर क्षाराच्या पांढऱ्या रेघा एकाखाली एक दिसतात, पाणी कसं उडत गेलं ते तिथंच लिहिलेलं असतं. साधन दिलं, पण खालचं पाणी सगळ्या गावाचं आहे हे कोणी शिकवलंच नाही.

डाळिंबवाला
दादा, राग मानू नका पण हे एकतर्फी झालं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमची चार एकर बाग जगली ती ठिबक आणि शेततळ्यावरच. पाटानं पाणी दिलं असतं तर झाडं सरपणाला गेली असती. त्या बागेवर बहिणीचं शिक्षण झालंय. आणि शिक्षणाचं म्हणाल तर अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' विषय आहेच की, माझ्या पुतण्यानं मित्राचा प्रकल्प जसाच्या तसा उतरवून दिला, मार्क मिळाले, विषय संपला.

शाळेतली_ताई
उतरवून काढतात हे खरंय, मी शिक्षिका आहे, मलाही त्याचा त्रास होतो. पण म्हणून शिक्षणच कुचकामी कसं? मी मुलांना गाठी मारलेली दोरी आणि दगड देऊन गावातल्या विहिरींची पातळी मोजायला लावली, एकदा ऑक्टोबरात, एकदा फेब्रुवारीत. एका मुलीच्या विहिरीचं पाणी शेजारच्या नवीन बोअरनंतर भराभर खाली गेलं, तिनं घरी जाऊन वडलांना वही दाखवली, त्यांना वाटत होतं की आपलाच झरा बुजला. आपल्याकडे काळा पाषाण आहे हो, पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, खाली काही समुद्र नाहीये. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस सहाशे फूट बोअर मारताना थांबून विचार करतो.

रोखठोक_सातारा
ताई, थांबत नाही कोणी. २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या खाली विहीर-बोअर नको असं आहे, म्हणजे साधारण दोनशे फूट, कोण पाळतंय? माहिती नसते असं नाही, माहिती असूनच मारतात. कारण उसाला दर ठरलेला आहे, ज्वारी-मटकीला खात्री नाही.

माणदेशी_माणूस
मग नगरकडच्या हिवरे बाजारचं काय? पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, पण तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांनी गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं, आधी माणसं-जनावरांचं प्यायचं पाणी बाजूला, उरलं त्यात पिकं, ऊस-केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद. यात कुठलं महागडं यंत्र आहे? पाऊस मोजायचं भांडं आणि ग्रामसभा. त्याच्याही आधी पुरंदरात नायगावला विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत होतीच, पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटायचं, भूमिहीनालाही वाटा.

रोखठोक_सातारा
अहो ती दोन गावं सगळ्यांना पाठ आहेत. वॉटर कपचं बघा, पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, तो २०१६ ला तीन तालुक्यांपासून सुरू झाला, गावकऱ्यांना आधी रीतसर प्रशिक्षण, मग श्रमदान. मी स्वतः समतल चर खोदलेत, हाताला फोड आले होते. पाणी आलं, गाव नाचलं, आणि दोन वर्षांत आमच्याच शिवारात ऊस वाढला. शिकलेल्याच लोकांनी लावला. म्हणजे खोदायला शिकवलं आणि उपसा किती करायचा हे ठरवलंच नाही. ठिबकाचंही तेच, एक एकराच्या पाण्यात दोन एकर भिजतं म्हटल्यावर लोक दुसरा एकर लावतात, पाणी शिल्लक कुठं राहतं?

डाळिंबवाला
हे मात्र खरंय, मीच दोनाचे चार केले. पण दादा, चार एकराचं कर्ज अंगावर असताना एकट्यानं मोटर बंद ठेवून उपयोग काय, शेजारी ओढणारच. गावानं मिळून ठरवलं तर मी येतो, ठिबक मात्र काढणार नाही.

शाळेतली_ताई
काढू नकाच भाऊ, ठिबकाशी माझं भांडण नाही. तुमच्या गावातल्या मुलांकडून ऑक्टोबरात मोजणी करून घ्या. आमच्या पत्रकात विहिरीची खोली, पाण्याची पातळी, मोटर किती एचपीची आणि रोज किती तास चालते एवढेच चार रकाने आहेत.

डाळिंबवाला
टाका इथे फोटो. पहिली माझीच विहीर लिहितो, पंचावन्न फूट, पाच एचपी, तास मात्र मोजून सांगावे लागतील.