मदत हवी आहे : सोलापूरच्या उन्हात रोड बाईकला (पातळ टायरच्या सायकलीला) ट्यूबलेस परवडेल का?

रविवारी तुळजापूर नाहीतर अक्कलकोट, मधल्या वारी होटगी रोड. डांबर बरं आहे, पण कडेच्या वेड्या बाभळींचे काटे थेट टायरखाली येतात. दोन महिन्यांत सात पंक्चर, त्यांतली पाच मागच्या चाकाची.

सध्या ७०० × २८ टायर, साधी ट्यूब. माझं वजन ७८ किलो, हवा पुढे ८०, मागे ८५ पीएसआय. जाड ट्यूब टाकून पाहिली, काटा तिलाही पुरून उरला. लायनर (टायर आणि ट्यूबच्या मधली पट्टी) लावला, तर त्याच्या कडेनंच ट्यूब घासून फाटली! ट्यूबमध्ये सीलंटही (भोक बुजवणारा द्रव) भरलं. एवढ्या दाबाला भोक बुजण्याआधी नुसता फवारा उडाला.

रिम ट्यूबलेस-रेडी आहेत, म्हणजे ट्यूबशिवाय टायर बसवता येईल अशा; टेप, व्हॉल्व्ह, टायर आणि सीलंट एवढाच खर्च. हवा कमी ठेवता येते, पिंच फ्लॅटची (खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून होणाऱ्या पंक्चरची) कटकट जाते, बारीक काट्याचं भोक जागीच बुजतं, हे सगळं वाचलंय. अडचण वेगळी आहे. लॅटेक्सचं सीलंट उष्णतेनं लवकर सुकतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ अंश. त्यात माझी सायकल पत्र्याच्या खोलीत असते, दुसरी जागा नाही. घरी फक्त फ्लोअर पंप (जमिनीवर ठेवून हातानं मारायचा) आहे, कॉम्प्रेसर नाही.

सोलापूर, लातूर, विजापूरकडे २८ मिमी ट्यूबलेस वापरणाऱ्यांनी सांगा : उन्हाळ्यात सीलंट किती दिवसांनी आणि किती मिली घालता? आणि नवा टायर नुसत्या फ्लोअर पंपानं रिमवर बसतो का?