‘छापा’ की ‘धाड’? (पेटिपॉग, 1814)

मचवा: अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या 1812च्या युद्धावरच्या मजकुराचा अनुवाद चालू आहे. 7 एप्रिल 1814, रात्री पावणेदहा. कॅप्टन रिचर्ड कूटच्या हाताखाली ब्रिटिशांच्या 6 होड्या, 136 माणसं कनेटिकट नदीकडे निघाली. तोंडाशी वाळूचा दांडा, त्यामुळे मोठी जहाजं बाहेरच. पेटिपॉग (आजचं एसेक्स) सहाएक मैल आत. पण वारा उत्तरेचा, प्रवाहही समोरून, पोचेपर्यंत साडेतीन वाजले. 27 जहाजं जाळली. मी ‘छापा’ लिहिलं, संपादकांनी ‘धाड’ केलं. योग्य काय?

अनुस्वार: छापाच. छपून येतो तो छापा. धाड संख्येनं अंगावर येते आणि तीत लूट गृहीत असते.

जुनीपोथी: ही व्युत्पत्ती कानाला गोड, पण आधार काय? ‘धाड’ मात्र सरळ संस्कृत ‘धाटी’वरून. आणि लूट नव्हती कशी? दोरखंड नेले की.

मचवा: नेले, पण मुख्य काम जाळण्याचं. काही जहाजं तर किनाऱ्यावर बांधणीतच होती.

वल्हं: ‘छापा’ला माझी हरकत वेगळी आहे. छापा घालणारा उजाडायच्या आत निघतो. हे सकाळभर गावात होते. मग पकडलेली दोन जहाजं खाली नेताना वारा फिरला, पात्र अरुंद, तीही जाळावी लागली. दोन्ही काठांवर बंदूकवाले जमलेले, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबून प्रवाहाबरोबर उतरले. तरी दोघे मेलेच.

अनुस्वार: परतायला उशीर झाला म्हणून छाप्याची धाड होत नाही! गाठलं कसं ते बघायचं. आणि ‘काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्या भाषेत ‘धाड’ गंभीर मजकुरात हलकी वाटते.

जुनीपोथी: आयकराची धाड पडते तेव्हा कुणाला हलकी वाटत नाही.

मचवा: बरं, जाळलेल्यांत ‘प्रायव्हेटीअर’ही होती. त्यांना ‘चाचे’ म्हणावं का?

वल्हं: मुळीच नको. सरकारी परवाना घेऊन शत्रूचा माल पकडणारी खासगी जहाजं ती. चाच्याकडे परवाना नसतो.

जुनीपोथी: मग ‘दस्तकी जहाज’! आंग्र्यांचं दस्तक आपल्याकडे होतंच.

वल्हं: ते उलटं झालं. आंग्र्यांचं दस्तक घेतलेल्या व्यापारी जहाजाला अभय मिळे. इथे परवाना दुसऱ्याला पकडण्याचा. ‘प्रायव्हेटीअर’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्या.

जुनीपोथी: प्रत्येक अडचणीला इंग्रजी शब्द ठेवायचा, तर अनुवाद कशाला? ‘परवानाधारी लढाऊ गलबत’ म्हणा.

अनुस्वार: ‘गलबत’ कसं चालेल? त्यांत ब्रिगही (चौकोनी शिडांचं, दोन डोलकाठ्यांचं जहाज) होती, तिची डोलकाठ्यांची मांडणीच वेगळी.